ट्रॅव्होल्टाचं पोस्टर, माझी चूक आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात 'शनिवारी रात्री काय बघाल' या चौकटीत मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की जॉन ट्रॅव्होल्टाचा 'आय ॲम रॅथ' (२०१६) लावा, सूडाची गोष्ट आहे, दीड तासात संपतो, टाइमपास होईल. टाइमपास काही झाला नाही. लोकांचा शनिवार गेला आणि या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्याचीच आहेत, त्यातली तीन तर छापण्यासारखी पण नाहीयेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हा एकच पिक्चर.

ताई, तुम्ही स्वतः हा पिक्चर बघितला होता का? खरं सांगा.
(एक रागावलेले वाचक, डोंबिवली)

नाही. पोस्टर बघितलं होतं. ट्रॅव्होल्टाचा चेहरा, हातात बंदूक, खाली मोठ्या अक्षरात नाव. मला वाटलं ट्रॅव्होल्टा आहे ना, मग अगदीच वाईट किती असणार. लिहून मोकळी झाले. चुकलंच माझं, माफी असावी.

तुमची पत्रं आल्यावर मागच्या रविवारी आईला घेऊन बसले आणि पूर्ण बघितला. आई ७८ वर्षांची आहे, इंग्रजी सबटायटल तिला वाचता येतात पण ती वाचत नाही, चेहरे बघते. पहिल्या पाच मिनिटांत तिने विचारलं, "हा तोच ना गं, नाचणारा?" तोच. 'सॅटर्डे नाईट फीव्हर' १९७७ आणि 'ग्रीस' १९७८, आमच्या घरी भाड्याच्या व्हीसीआरवर कुणाच्या तरी बारशाच्या रात्री दोन्ही लागले होते, ते तिच्या लक्षात आहे.

ज्यांनी बघितला नाही (नशीबवान लोक) त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. स्टॅनली हिल नावाचा साठीकडे झुकलेला माणूस, गाड्यांच्या कारखान्यातली नोकरी गेलेली, इंटरव्ह्यू देत फिरतोय. त्याची बायको व्हिव्हियन हिचा पार्किंगमध्ये त्याच्या डोळ्यांदेखत खून होतो. बायकोचं काम रिबेका डी मॉर्ने हिने केलंय, १९९२ मध्ये 'द हँड दॅट रॉक्स द क्रेडल' बघून लोक मुलं सांभाळायला बाई ठेवायला घाबरायला लागले होते ती हीच. इथं तिला चार वाक्यं देऊन मारून टाकलंय. मग पोलीस ओळख परेड घेतात, स्टॅनली खुनी ओळखतो, पोलीस त्याला सोडून देतात कारण पोलीस विकले गेलेत. आणि मग कळतं की आपला हा बेकार साहेब पूर्वी सरकारी गुप्त कामगिऱ्या करणारा कमांडो होता. झालं. पुढचं तुम्ही बघितला नसेल तरी सांगू शकाल.

मधे एक सीन आहे, रागाच्या भरात तो बायबल फेकतो आणि ते पडून नेमकं यिर्मयाच्या पुस्तकावर उघडतं, मी क्रोधाने भरलोय अशा अर्थाच्या ओळीवर, पिक्चरचं नाव त्यावरूनच. आई म्हणाली, "पोथीनंच सांगितलं म्हणजे आता काय बोलणार." नंतर तो जेव्हा बंदुका काढतो तेव्हा ती सोफ्यावरून उठली, चहा टाकायला गेली आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं तेरावा तरी होऊ द्यायचा!"

मी चार दिवस डोकं खाजवून जे लिहिणार होते ते तिने एका वाक्यात संपवलं. पिक्चरला दुःखासाठी वेळच नाहीये. सूडाच्या पिक्चरमध्ये आपण गोळीबार बघायला बसतो हे खरंय, पण तो गोळीबार आपल्याला हवासा वाटावा म्हणून आधी कुणीतरी रिकाम्या घरात बसलेलं दिसावं लागतं, दोन ताटं काढून एक परत ठेवताना दिसावं लागतं. इथं तसलं काही मनावर ठसायच्या आत माणसं पटापटा मरायला लागतात.

मॅडम, पैसे नसतील हो त्यांच्याकडे. कमी बजेटचा पिक्चर आहे, थोडं सांभाळून घ्यायला पाहिजे. आपण मराठी पिक्चर नाही का सांभाळून घेत?
(एक वाचक, कोल्हापूर)

तुमचा स्वभाव आवडला, पण हिशेब पटला नाही. हा पिक्चर साधारण १ कोटी ८० लाख डॉलरचा आहे. हॉलिवूडच्या मानाने कमी, मान्य, पण तेव्हाच्या भावाने रुपयांत शंभर कोटींच्या वर जातो. 'आय ॲम रॅथ' अमेरिकेत १३ मे २०१६ ला आला, त्याच्या बरोब्बर दोन आठवडे आधी, २९ एप्रिलला, आपल्याकडे 'सैराट' लागला होता. तो चारेक कोटींत झाला असं तेव्हा सगळीकडे छापून आलेलं आठवत असेल. म्हणजे कोण कुणाला सांभाळून घ्यायचं?

आणि सूडाच्या पिक्चरला तर पैसा लागतच नाही, उलट पैसा कमी असला की तो बरा होतो असं माझं मत आहे. १९८६ चा 'अंकुश' आठवा. एन. चंद्रांचा पहिला पिक्चर, नाना पाटेकर आणि नाक्यावर बसणारी बेकार पोरं. ज्या मुलीमुळे ही पोरं माणसांत येतात तिच्यावर अत्याचार होतो, ती जीव देते, कोर्टात काही होत नाही आणि मग ही पोरं हिशेब करतात. आणि त्याबद्दल फासावर जातात. सूडाची किंमत तिथं वाजवून घेतली जाते. 'इतनी शक्ति हमें देना दाता' आपण शाळेत प्रार्थना म्हणून म्हणायचो, ते गाणं या पिक्चरचं आहे हे आज पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर 'ब्ल्यू रुइन', २०१३. दिग्दर्शक जेरेमी सॉल्निये, कॅमेरा पण त्यानेच धरला, थोडे पैसे किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणीसारखे गोळा केले. कानच्या महोत्सवात समीक्षकांचं बक्षीस मिळालं त्याला. त्यातला हिरो एका गंजक्या निळ्या गाडीत झोपतो, आणि त्याला सूड घेता येत नाही हो. म्हणजे घेतो, पण इतका गचाळ घेतो की बघताना आपल्यालाच घाम फुटतो. एकदा त्याच्या पायात बाण घुसतो, तो पिक्चरमधल्या हिरोसारखा दुकानातून सामान आणून स्वतःच काढायला बसतो आणि जमत नाही म्हणून मुकाट हॉस्पिटलात जातो. त्या एका सीनमध्ये जितकी भीती आहे तितकी 'आय ॲम रॅथ'च्या अख्ख्या दीड तासात नाही. स्टॅनलीला सगळंच जमतं ना! पाच माणसं समोर आली तरी आपल्याला माहितीय की हा मारणार, मग मी बघत कशाला बसू, तोवर भांडी होतील.

मी गेली काही वर्षं कोलंबसला राहतो. इथल्या मराठी मंडळींनी तर फक्त आपलं शहर दिसतं म्हणून एकत्र जमून बघितला. रस्ते ओळखण्यात मजा आली, बाकी काही नाही. असे पिक्चर इथं येऊन का काढतात आणि ते तोट्यात जात नाहीत का?
(एक वाचक, कोलंबस, ओहायो)

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. ओहायो सरकार शूटिंगच्या खर्चावर करात सवलत देतं. राज्यात येऊन पैसा खर्च करा, हॉटेलं घ्या, माणसं कामाला लावा, खर्चाचा काही हिस्सा परत मिळेल. अमेरिकेतली बरीच राज्यं हे करतात आणि निर्माते गोष्ट कुठं घडते हे पुष्कळदा सवलत बघून ठरवतात. तुमच्या शहराचं नशीब निदान एवढं तरी की त्याला दुसऱ्या कुठल्या शहराचं सोंग घ्यावं लागलं नाही.

आता तोट्याचं. हेच मला नीट सांगायचंय कारण माझी फजिती पण यातच झाली.

असे पिक्चर बनायच्या आधी विकले जातात. मे महिन्यात कानला लाल गालिचावर नट्या चालतात ते आपण टीव्हीवर बघतो, पण तिथंच बाजूला एक भला मोठा बाजार भरतो, आपल्या गुरांच्या बाजारासारखा म्हणा ना. तसाच फेब्रुवारीत बर्लिनला भरतो. तिथं निर्माता काय घेऊन जातो? एक पोस्टर, एक नाव आणि दोन ओळींची गोष्ट. स्क्रिप्ट अर्धवट असली तरी चालते. जर्मनीचा वितरक, जपानचा वितरक, आखातातला वितरक, प्रत्येकजण आपापल्या मुलुखापुरते हक्क घेतो आणि इतके इतके पैसे नक्की देईन असा करार करतो. ते करार दाखवून कर्ज काढायचं, करसवलत त्यात मिळवायची, आणि मग शूटिंग. थिएटरात कुत्रं पण फिरकलं नाही तरी बराचसा खर्च आधीच निघालेला असतो. थिएटरात लागतोच कुठे म्हणा, चार ठिकाणी नावाला लावतात आणि त्याच दिवशी घरबसल्या भाड्याने बघायला देतात. 'आय ॲम रॅथ' अमेरिकेत असाच आला होता.

या बाजारात नाव फार ताजं असून चालत नाही कारण ते परवडत नाही, आणि फार शिळं असूनही चालत नाही. चाळीशी ओलांडलेल्या माणसाला पोस्टर बघून "अरे हा!" असं झालं पाहिजे. इंग्रजीत या प्रकाराला 'गीझर टीझर' असं चेष्टेचं नाव पडलंय. गीझर म्हणजे आपला बाथरूममधला नाही, तिकडे म्हाताऱ्याला म्हणतात. म्हातारा दाखवायचा आणि गिऱ्हाईक आत ओढायचं. पुष्कळदा तो म्हातारा दोनचार दिवस येऊन एका खुर्चीत बसून डायलॉग बोलून जातो आणि बाकी पिक्चर भलताच कुणीतरी ओढतो. ट्रॅव्होल्टाने ते केलेलं नाही हे न्यायाने सांगायला हवं, तो इथं जवळपास सगळ्या सीनमध्ये आहे आणि कामचुकारपणा करत नाही.

आणि गंमत ऐका. २०१२ मध्ये याच पिक्चरची घोषणा झाली तेव्हा हिरो होता निकोलस केज आणि दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन, म्हणजे 'द एक्झॉर्सिस्ट'वाला. ते काही जुळलं नाही. पुढे दोघांच्या जागी दुसरी दोन नावं आली आणि गाडी चालू. यावरून काय ते समजा. भूमिका माणसासाठी लिहिलेली नव्हती, पोस्टरवर एक खाच होती आणि तिच्यात बसेल असा चेहरा पाहिजे होता. आणि त्या साखळीत सगळ्यात शेवटचा अडाणी वितरक कोण, तर मी, कारण मी पण पोस्टर बघूनच तुम्हाला माल विकला. फुकट विकला, एवढंच.

त्या केसांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही.
(दोन मैत्रिणी, सांगली)

लिहिणार नव्हते पण तुम्ही विषय काढलाच. ट्रॅव्होल्टाचा तो विग इतका काळा आणि इतका घट्ट आहे की मारामारीत सगळं हलतं, तो हलत नाही. त्यात हिरोचा जुना साथीदार डेनिस याचं चक्क केस कापायचं दुकान आहे! आईचं म्हणणं, मित्र न्हावी असून ही अवस्था. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ट्रॅव्होल्टाने स्वतःच गुळगुळीत डोक्याचा फोटो टाकला, आणि काय देखणा दिसत होता. तसाच उभा केला असता तर पोरगेलेपणाचा आव गळून पडला असता आणि खरंच एक थकलेला साठीचा माणूस दिसला असता.

डेनिसचं काम ख्रिस्तोफर मेलोनीने केलंय, त्याच्याबद्दल मात्र चांगलं बोलू. अख्ख्या पिक्चरमध्ये त्या एकालाच कळलंय की आपण कुठल्या दर्जाच्या पिक्चरमध्ये आहोत, आणि तो मस्त मजा घेत वावरतो. तो पडद्यावर आला की आई किचनमधून बाहेर यायची.

मुलांबरोबर बघावा का?
(एक पालक, ठाणे)

नको. मुलांशिवाय पण नको.

दिग्दर्शक कोण होता? नवशिका असणार.
(एक वाचक, नाशिक)

तेच तर दुखणं आहे! चक रसेल. जिम कॅरीचा 'द मास्क' (१९९४) त्याचा, अर्नोल्डचा 'इरेझर' (१९९६) त्याचा, 'द स्कॉर्पियन किंग' (२००२) त्याचा. नंतर हाच माणूस हिंदीत येऊन विद्युत जामवालला घेऊन हत्तींचा 'जंगली' (२०१९) पण करून गेला, तुम्ही बघितला असेल, नाव वाचलं नसेल. म्हणजे हात बसलेला माणूस आहे. 'द मास्क'मध्ये तर प्रत्येक फ्रेममध्ये काहीतरी चालू असतं. इथं कॅमेरा लावलाय आणि माणसं उभी केलीत, लवकर आटपा, उद्या दुसरं लोकेशन आहे, असं प्रत्येक सीनवर लिहिल्यासारखं वाटतं. एकेकाळचा मोठा फक्त हिरोच नव्हता, असं म्हणायला पाहिजे.

मी फिल्मचा विद्यार्थी आहे. सूडाची शॉर्टफिल्म लिहितोय. 'हिरो पूर्वी कमांडो होता' हे का खटकतं? 'टेकन' मध्ये पण तेच होतं ना, तो तर चालला.
(एक विद्यार्थी, पुणे)

चालला, आणि २००८ ला तो इतका चालला की त्यानंतर दर वयस्कर नटाला एक एक कमांडोचा भूतकाळ वाटण्यात आला, रेशनवर मिळाल्यासारखा. पण 'टेकन' (लियम नीसनची मुलगी पळवतात तो) सुरुवातीलाच सांगून टाकतो की हा माणूस कोण आहे. फोनवरचं ते बोलणं सगळ्यांना पाठ आहे. आपण बघतो ते एक यंत्र कामाला लागलेलं, आणि वेळ कमी आहे, मुलगी जिवंत आहे, पोचला पाहिजे. त्याला घड्याळ आहे.

'आय ॲम रॅथ'मध्ये बायको मेलेली आहे, घड्याळ नाही. मग माणूस पाहिजे. त्या बाबतीत १९७४ चा 'डेथ विश' बघ. त्याचे पुढचे भाग बघू नकोस, पहिलाच बघ. पॉल कर्सी, चार्ल्स ब्रॉन्सन, आर्किटेक्ट आहे, कोरियाच्या युद्धात त्याने शस्त्र हातात घ्यायला नकार दिलेला. बायको जाते, मुलगी वेडी होते. पहिल्यांदा तो काय हत्यार करतो माहितीय का? मोज्यात नाणी भरतो. रस्त्यात चोर अंगावर आला की तो मोजा फिरवून हाणतो आणि घरी येऊन थरथरत दारू ओततो. पुढे पहिल्यांदा गोळी घालतो त्या रात्री घरी येऊन ओकतो. त्या पिक्चरचं राजकारण मला अजिबात पटत नाही, शेवटी तो लोकांना बंदूक उचला असंच सांगतो, पण मोज्यात नाणी भरणारा माणूस मला कळतो. मी पण तेच केलं असतं.

आणि खरं सांगू का, स्टॅनलीकडे त्याच्यापेक्षा चांगली गोष्ट होती. पहिली काही मिनिटं परत बघ. साठीच्या जवळ आलेला माणूस, कारखान्यातून काढलेला, कोट घालून इंटरव्ह्यूला जाऊन येतो आणि बायको त्याला धीर देते. ओहायोसारख्या राज्यात गाड्यांच्या कारखान्यांवर हजारो घरं चालायची आणि ते कारखाने बंद होताना लोकांनी बघितलेत. आपल्याकडे गिरणगावात हे झालंय, आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. माझे काका संप फिसकटल्यावरही कितीतरी महिने रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे, कुठे जायचे कुणालाच माहीत नव्हतं. तर असा एक माणूस, ज्याची किंमत आधीच शून्य झालेली आहे, त्याची बायको मारली जाते, आणि पोलीस त्याच्याकडे बघत पण नाहीत. त्याला बंदूक चालवता येत नसती तर? तर तो पिक्चर मी दोनदा बघितला असता. पण गिऱ्हाइकाला पोस्टरवर बंदूक दाखवलेली आहे ना, मग भूतकाळातून कमांडो बाहेर काढलाच पाहिजे.

तुझ्या शॉर्टफिल्मला एकच सांगणं, तुझ्या हिरोला काय येत नाही ते आधी लिहून काढ.

तुम्ही म्हाताऱ्या नटांची टिंगल करता ते बरं नाही. त्यांनी घरी बसावं का? पोटासाठी माणूस काम करतो.
(एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

बाई, तुमचं पत्र वाचून वरचं विगचं उत्तर खोडणार होते, मग ठेवलं. पण तुमचं म्हणणं मनाला लागलं. ब्रूस विलिसचं उदाहरण ताजं आहे. शेवटची काही वर्षं तो असेच एकामागून एक फुटकळ पिक्चर करत होता, लोक हसत होते, त्याच्या वाईट कामांना चेष्टेची बक्षिसं देत होते. मग मार्च २०२२ ला घरच्यांनी सांगितलं की त्याला वाचाघाताचा आजार आहे, पुढच्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. ज्यांनी बक्षीस दिलं होतं त्यांनी ते मागे घेतलं. हसणाऱ्यांत मी पण होते.

ट्रॅव्होल्टाचं तसं नाही. त्याच्या वाट्याला दुःखं काही कमी आली नाहीत, २००९ मध्ये १६ वर्षांचा मुलगा गेला, २०२० मध्ये बायको गेली. पण काम त्याला जमत नाही म्हणून हा पिक्चर पडलेला नाही, हे मी पैजेवर सांगते, कारण त्याच २०१६ सालातली त्याची बाकीची कामं बघा. खुनाचा आरोप झालेला अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्या खटल्यावरच्या मालिकेत तो वकील रॉबर्ट शपिरो झाला, भुवया उंचावून असा काही बेरकी वागलाय की एमीचं, म्हणजे टीव्हीवाल्यांच्या मोठ्या बक्षिसाचं, नामांकन मिळालं, आणि मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक म्हणून एमी मिळाली सुद्धा. आणि दुसरं म्हणजे टाय वेस्टचा 'इन अ व्हॅली ऑफ व्हायोलन्स'. तो पण कमी बजेटचा, तो पण सूडाचा, काऊबॉयवाला. त्यात सूड घेणारा ईथन हॉक आहे, कुत्रा मारला म्हणून, आणि ट्रॅव्होल्टा आहे गावचा मार्शल, एक पाय लाकडाचा, मुलगा नालायक निघालेला बाप. चूक आपल्या पोराची आहे हे त्याला कळतंय आणि तरी त्याला पोराच्याच बाजूने उभं राहावं लागतं, ते तो इतकं छान करतो! एकच वर्ष, एकच नट, एकच विषय. मग दोष कुणाचा?

हा माणूस आधी पण असाच दोनदा बुडून वर आलाय. ऐंशीच्या दशकात त्याला कुणी विचारत नव्हतं, मग १९८९ ला बोलणाऱ्या बाळाच्या पिक्चरने हात दिला, मग परत थंड, मग १९९४ ला 'पल्प फिक्शन'. तो पिक्चर ८० लाख डॉलरच्या आसपास झाला होता, म्हणजे या आपल्या रॅथच्या निम्म्याहून कमीत. आणि मग २००० मध्ये 'बॅटलफील्ड अर्थ' करून स्वतःच्या हाताने परत बुडाला, त्यात तर निर्माता पण स्वतःच. तर घरी बसू नये, बाई. फक्त कुणीतरी नीट काम द्यावं.

ठीक आहे, माफ केलं. आता भरपाई म्हणून ट्रॅव्होल्टाचा एखादा चांगला सांगा. यावेळी स्वतः बघितलेला सांगा.
(तेच रागावलेले वाचक, डोंबिवली)

बघितलाय, तीनदा. 'ब्लो आऊट', १९८१, ब्रायन डी पाल्मा. तेव्हा पडला होता. आणि योगायोग बघा, तो पण १ कोटी ८० लाख डॉलरचाच, आकडा तोच, मधे ३५ वर्षं गेली.

त्यात ट्रॅव्होल्टा फिलाडेल्फियातल्या एका फडतूस कंपनीत साऊंड रेकॉर्डिंग करतो. स्वस्तातले भुताखुनाचे पिक्चर बनवणारी कंपनी आहे. त्यांच्या एका पिक्चरमध्ये बाथरूममधली मुलगी किंचाळते ती किंकाळी इतकी भंगार आहे की दिग्दर्शक म्हणतो, जा, चांगली किंकाळी शोधून आण. आणि वाऱ्याचा आवाज पण नवा आण. म्हणून हा रात्री माईक घेऊन पुलावर जातो. बेडूक, घुबड, लांबवर बोलणारं एक जोडपं, सगळं टेपवर घेतोय, आणि तेवढ्यात एक गाडी पाण्यात पडते. आवाज ऐकताना त्याच्या लक्षात येतं की टायर फुटायच्या आधी अजून एक आवाज आहे. बास, पुढचं सांगत नाही. एक मुलगी आहे त्यात, तिला वाचवायला हा जीव तोडून धावतो.

शेवटच्या सीनमध्ये तो त्या कळकट स्टुडिओत बसलाय. कंपनीला पाहिजे तशी किंकाळी मिळालीय, साहेब खूश आहेत, परत परत लावून ऐकतायत. ट्रॅव्होल्टा सिगरेट हातात घेऊन "चांगली आहे, चांगली आहे" असं काहीतरी पुटपुटतो, आणि मग दोन्ही हातांनी कान झाकून घेतो. २७ वर्षांचा असेल तेव्हा. आई त्या वेळी चहा टाकायला उठली नव्हती.